उलटं कार्ड

“तुमच्या त्या पोथीला उलटं कार्ड कळतं का हो, होनराव?”

तारळेकरबाईंनी हे विचारलं तेव्हा आम्ही दोघं ‘त’च्या खणाशी झटत होतो. सभासदांची कार्डं ठेवायचं ते सागवानी कपाट फार जुनं. बाकीचे खण बोटाने सरकायचे, हा एकच फुगून बसलेला. एकाने कपाटाला मिठी मारल्यासारखं धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने दोन्ही हातांनी खण ओढायचा, तेव्हा कुठे तो किंचाळत बाहेर यायचा. एकट्याने ओढला तर खणाच्या जागी कपाटच अंगावर यायला बघायचं. मी कपाट धरलं होतं आणि बाई ओढत होत्या.

“नाही बाई,” मी कपाटाच्या आडून म्हणालो. “तसा शब्द नाही तिच्यात.”

“मग कुठले आहेत?”

“घे, दे, शोध, वाढव, काढ... असे मोजकेच.”

“थांब?”

“थांब नाही.”

खण उघडला. बाईंनी त्यातल्या कार्डांवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाल्या, “बरं. घ्या हा गठ्ठा टायपायला.”

ही गोष्ट बार्शीची. कॉम्प्युटर म्हणजे नक्की काय, हे गावात बहुतेकांना ऐकूनच माहीत होतं तेव्हाची. आमच्या ग्रंथालयात तो आला, कारण आडत दुकानवाले कांतिलालशेठ मुंबईला गेले होते आणि तिथे कुणाच्या तरी कचेरीत त्यांनी तो पाहिला होता. तो चालवायला शिकण्यासाठी मला पुण्याला पाठवलं, कारण मला नाही म्हणता आलं नाही. तारळेकरबाई तिथल्या ग्रंथपाल, मी सहायक. पुस्तकांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवणं आणि कुणी हाक मारली नाही तर दिवसभर कपाटांमधल्या बोळात राहणं, हे मला जमत असे. त्यापलीकडचं काही मला जमेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही.

पोथी हे त्या कॉम्प्युटरला समजणाऱ्या भाषेचं नाव. पुण्याच्या गोवंडे नावाच्या इंजिनिअरांनी ती खास ग्रंथालयांसाठी बनवली होती. तिला हिशेब येत नसे, पत्र लिहिता येत नसे. पुस्तकं आणि वाचक, एवढंच तिचं जग. अक्षरं इंग्रजी, शब्द मात्र मराठी आणि सगळे एकेरी. ‘घे’ म्हटलं आणि क्रमांक घातला की पुस्तक परत आल्याची नोंद व्हायची आणि ते मुदतीत आलं की उशिरा, तेवढं ती सांगायची. ‘दे’ म्हटलं की पुस्तक वाचकाच्या नावावर चढायचं. मी आमच्या शिपायाला, रसूलभाईंनाही अहोजाहो करणारा माणूस. त्या पडद्यासमोर बसून ‘घे’, ‘दे’, ‘काढ’ असे हुकूम सोडताना सुरुवातीला माझे कान गरम व्हायचे. पोथी उत्तर द्यायची ‘झालं’ नाहीतर ‘नाही’. नाही का, ते कधीच सांगायची नाही. विचारायला गोवंडेसाहेब होते, पण कॉम्प्युटर बसवून दिल्यावर ते मस्कतला नोकरीला गेले आणि मग त्या भाषेतलं काही अडलं तर बार्शीतच काय, आसपासच्या चार जिल्ह्यांत विचारण्यासारखं कुणी उरलं नाही.

उलटं कार्ड ही तारळेकरबाईंची पद्धत. एखाद्या सभासदाच्या घरी मृत्यू झाला, कुणी दवाखान्यात पडलं, दुकान जळलं, असं काही कळलं की बाई त्या घरातल्या सभासदांची कार्डं खणात पाठमोरी करून ठेवत. कार्ड उलटं असेपर्यंत त्या घरी पुस्तकासाठी तगादा जायचा नाही. यासाठी कुणी अर्ज करत नसे आणि बाई कुणाला सांगतही नसत. महिना-दोन महिन्यांनी माणूस आपणहून पुस्तक घेऊन जिन्यावर दिसला की बाई कार्ड सुलटं करत. एरवी बाई म्हणजे नियमाच्या पक्क्या. वाचक स्वतः समोर उभा राहिल्याशिवाय त्याचं पुस्तक बदलून मिळायचं नाही. तारळेकर मास्तरांचंसुद्धा नाही, आणि ते तर त्यांचे यजमान.

एकच कार्ड कित्येक वर्षं उलटं होतं. मुकुंद तारळेकर. बाईंचा मुलगा.

तो बीएस्सीला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा मास्तर त्याला अंगणात उभं करून, चार माणसं ऐकत असताना बोलले होते. दुसऱ्या दिवशी तो घरात नव्हता. शोधायला माणसं गेली, पोलिसांत कळवलं, पेपरात फोटो दिला. काही कळलं नाही. जाताना त्याने एक पिशवी नेली होती आणि तिच्यात आमच्या ग्रंथालयाचं मधमाशापालनावरचं पुस्तक होतं. ही माहिती खुद्द बाईंनीच दुसऱ्या दिवशी कामावर येऊन दिली होती. मग खण ओढून कार्ड पाठमोरं केलं होतं. तेव्हा कपाट मीच धरलं होतं.

आता ते कार्डही टायपायच्या गठ्ठ्यात होतं. मी टायपलं. नाव, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख. पोथी म्हणाली, झालं.

घोळ पुढेच होता. पाच वर्षांहून जास्त काळ बाहेर असलेलं पुस्तक पोथी आपणहून ‘गहाळ’ मध्ये टाकायची आणि ज्याच्या नावावर ते असेल तो सभासद रद्द व्हायचा. गोवंडेसाहेबांनी ते तिच्या हाडातच घालून ठेवलं होतं. पहिली गहाळ यादी छापली की त्याच क्षणी हे सगळं लागू होणार होतं.

ती यादी छापायचा समारंभच आमच्या अध्यक्षांनी ठरवला. नानासाहेब सुरवसे, वकील. आवाज मोठा, मन तितकं वाईट नाही. “शिक्षणाधिकारी येतायत, पेपरवाले येतायत,” ते म्हणाले. “त्यांच्यासमोर यादी निघू द्या खडाखड. मी स्वतः वाचतो. मग फलकावर लावा, साप्ताहिकात छापा. गावात लाज वाटली की पुस्तकं कशी आपोआप येतात बघा.”

“सगळ्यांची नावं?” मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

“काय?”

“सगळ्यांची नावं वाचायची का?”

“तर काय निवडून वाचायची? कॉम्प्युटर आहे तो, होनराव. त्याला कुणाची भीड नाही.”

बाई तिथेच होत्या. सगळे गेल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर न बघताच सांगितलं, “नियम सगळ्यांना सारखा. माझ्या तोंडाकडे बघू नका.”

म्हणजे त्यांना नाव यादीत यायला हवं होतं, की नको होतं आणि सांगवत नव्हतं? मी आठवडाभर याच विचारात होतो. कधी वाटायचं, आपण कोण यात पडणारे. कधी वाटायचं, नानासाहेब ते नाव भर सभेत वाचतील आणि बाई तिथे उभ्या असतील. रद्द झालेला सभासद पोथी पुसूनच टाकायची. मग ‘शोध’ म्हटलं तरी ‘नाही’ एवढंच यायचं. जेवण जाईना. आमची मंडळी म्हणाली, “तुम्हाला परीक्षा आहे की काय?” मी म्हटलं, तसंच काहीसं.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मी निघालो तर बाई सूचना फलकापाशी होत्या. जुन्या सूचना काढून त्यांनी फलक मोकळा केला होता. उद्याच्या यादीला जागा पुरेल का, ते हातातला कोरा कागद धरून बघत होत्या. चार कोपऱ्यांना चार टाचण्या त्यांनी आधीच अर्धवट खोचून ठेवल्या होत्या.

“लांब झाली यादी तर खाली दुमडावी लागेल,” त्या म्हणाल्या. “त आणि पुढचे खालीच जातील.”

मला रात्रभर तो मोकळा फलक दिसत राहिला.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी आलो आणि कॉम्प्युटर लावला. नुसतं ‘वाढव’ म्हणून चालणार नव्हतं. मुदत उलटून गेलेल्या पुस्तकाला पोथी ‘नाही’ म्हणायची. त्यासाठी पुस्तक आधी परत घ्यायला हवं होतं आणि मग नव्याने द्यायला. म्हणजे जे पुस्तक समोर नाही ते आलं म्हणायचं आणि जो माणूस समोर नाही त्याला दिलं म्हणायचं. यादी छापण्याच्या हुकमांच्या वर मी दोन ओळी लिहिल्या. एक ‘घे’, एक ‘दे’. लिहून फ्लॉपीत ठेवल्या आणि चालवून बघावं म्हणून बोट उचललं, तोच पडदा विझला. बत्ती गेली.

ती दुपारपर्यंत आली नाही. मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून होतो आणि डोक्यात एकेक शंका उठत होती. ‘घे’ झालं आणि ‘दे’ झालंच नाही तर? पुस्तक आत, मुकुंद रिकाम्या हाताचा, असं काही तरी होऊन बसेल. पोथीने दोन ओळींना ‘नाही’ म्हटलं आणि ते मोठ्या अक्षरांत शिक्षणाधिकाऱ्यांसमोर पडद्यावर आलं तर? की ओळीत एखादा शब्द चुकला असेल आणि सगळ्या गावाचीच पुस्तकं परत आलेली दिसतील? ओळी काढून टाकायच्या म्हटलं तरी वीज हवी होती.

“चेहरा बघा की तुमचा,” रसूलभाई सतरंजी अंथरताना म्हणाले. “मुलगी बघायला आलेत जणू.”

पाहुणे जिना चढत होते तेव्हाच दिवे लागले. आता करून बघायला वेळ नव्हता. नारळ फुटला, हार झाले, कांतिलालशेठनी कॉम्प्युटरला कुंकू लावलं. नानासाहेबांनी बाह्या सावरल्या आणि मला खूण केली. बाई कार्डांच्या कपाटाशी उभ्या होत्या, एक हात ‘त’च्या खणावर ठेवून.

मी कळ दाबली.

पडद्यावर झर्रकन काही तरी येऊन गेलं. ‘झालं’ होतं की ‘नाही’, मला वाचताच आलं नाही. छपाईयंत्र खरखरायला लागलं.

“आवाज ऐका,” कांतिलालशेठ शिक्षणाधिकाऱ्यांना म्हणाले. “ज्वारीची चक्कीच.”

कागद जसजसा बाहेर येत होता तसतसे नानासाहेब नावं वाचत होते, कोर्टात पुकारा करावा तशी. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने होती. बागवान. डोईफोडे मास्तर.

“हजर आहे!” डोईफोडे मास्तर मागून ओरडले. “उद्या आणतो. शपथ.”

“कुठलं पुस्तक ते वाचा की नानासाहेब!”

“ ‘आदर्श शिक्षक’,” नानासाहेबांनी वाचलं आणि सतरंजीवर हशा पिकला. त्यानंतर लोकांना चेवच आला. प्रत्येक नावाला काही तरी टोमणा. गायकवाड. कदम. मुल्ला. माझं लक्ष फक्त अक्षरांकडे होतं. पी झालं. आर झालं. एस लागलं.

“सुरवसे,” नानासाहेब जोरात म्हणाले, “नानासाहेब—” आणि थांबले.

कांतिलालशेठ पुढे वाकले, चष्मा वर केला आणि कागदावरून वाचलं, “ ‘मूळव्याधीवर घरगुती उपचार’.”

त्या हशाने तावदानं हलली म्हणतात तसं झालं. शिक्षणाधिकारी रुमालात तोंड लपवत होते. “अहो, मेव्हण्याने नेलं असणार माझ्या कार्डावर!” नानासाहेब ओरडत होते. “तो असाच आहे!”

“मेव्हण्याला म्हणावं, आता तरी नीट बसता येतं का?” कांतिलालशेठ म्हणाले.

त्या गलक्यात यंत्राने पुढचं नाव छापलं. तांबोळी. आणि ते थांबलं.

मधूनमधून ते असं थांबायचंच. कॉम्प्युटर फ्लॉपीतून पुढची नावं वाचून घ्यायचा तोवर. हे मला माहीत होतं. तांबोळीनंतर तारळेकर. लोक हसत होते, रसूलभाई हसत होते. त्या सगळ्या खोलीत आम्ही दोघंच त्या कागदाकडे बघत होतो. बाईंचा हात खणावरून निघाला नव्हता, पण बोटं पांढरी पडली होती.

खरखर सुरू झाली.

तोडकर.

तारळेकर नव्हतं. नानासाहेबांनी डोळे पुसत उरलेली नावं घाईघाईत वाचली, टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. बाईंनी यादी घेतली, फलकावर नेऊन लावली, खालचा भाग दुमडला आणि परत आल्या तेव्हा हॉल रिकामा झाला होता. मी फ्लॉपी काढून पाकिटात घालत होतो. ती आत जाईना. पाकीट उलटं धरलं होतं.

“मुकुंदचं नाव आलं नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही.”

“पुस्तक तर आलेलं नाही.”

“नाही.”

“मग?”

“सकाळी मी... ते परत घेतलं. आणि पुन्हा दिलं.”

“कुणाला दिलं?”

मी पाकीट सुलटं करायला लागलो.

“वाचक हजर नसताना?” बाईंचा आवाज काउंटरवरचा होता, ज्याला कॉलेजची दांडगी पोरंही टरकून असत. “होनराव, इतक्या वर्षांत मी या काउंटरवर कुणाचं पुस्तक तो समोर नसताना बदलून दिलंय? पाहिलंयत तुम्ही?”

“चुकलो बाई. आत्ता काढून टाकतो. फक्त एकदा ‘काढ’ म्हटलं की—” मी फ्लॉपी परत आत घालायला लागलो.

“थांबा.”

मी थांबलो. बाई माझ्याकडे नाही, विझलेल्या पडद्याकडे बघत होत्या. खालून रसूलभाईंचा खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता.

“मुदत किती दिलीत?”

“पंधरा दिवस. तेवढीच देता येते.”

“आणि मग?”

“मग वाढवायला लागेल. मुदत संपायच्या आत ‘वाढव’ म्हटलं की झालं. दर पंधरा दिवसांनी.”

“कोण म्हणणार?”

मी म्हणेन, असं मला म्हणायचं होतं.

बाईंनी माझी खुर्ची मागे ओढली. “उठा,” त्या म्हणाल्या. “कुठल्या कळा दाबायच्या ते दाखवा. वाचकाला येता येत नसेल तर घरच्या माणसाने स्वतः येऊन मुदत वाढवावी, असा नियम आहे. मीच केलाय तो.”

त्या दिवसापासून बाई एक सोमवार सोडून एक सोमवार, दुपारी चार वाजता, त्या खुर्चीवर बसत. पदर खांद्यावरून पुढे घेत, एकेक अक्षर शोधून ‘वाढव’ टायपत, पुस्तकाचा क्रमांक घालत. तो त्यांना पाठ झाला होता. पोथी ‘झालं’ म्हणायची आणि बाई उठायच्या. यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. पुढे त्या निवृत्त झाल्या, तरी येत राहिल्या. मास्तर गेले. त्यांच्या दिवसांत सोमवार आला, तेव्हा त्या भावजयीला घेऊन आल्या आणि तिला बाहेर बाकावर बसवलं. गुडघे दुखायला लागले तसा जिना चढायला वेळ लागू लागला. मी त्यांच्या जागी बसत होतो, भिऊन भिऊन. कार्डांचं कपाट भिंतीला तसंच होतं. आता ते कुणी उघडत नसे. कॉम्प्युटरही म्हातारा झाला होता आणि नवे अध्यक्ष तो बदलायचं म्हणत होते. नव्या कॉम्प्युटरला पोथी कळणार नव्हती. तेव्हा बाईंना काय सांगायचं, या काळजीने मी वर्षभर ते पुढे ढकलत होतो.

एका शनिवारी दुपारी एक गृहस्थ आले. दाढी पिकलेली, खांद्याला कापडी पिशवी, चपलांवर लाल माती. काउंटरपाशी येऊन त्यांनी आधी मागे जिन्याकडे पाहिलं.

“तारळेकरबाई असतात का?”

“निवृत्त झाल्या,” मी म्हणालो.

त्यांचे खांदे एकदम सैल झाले, सुटका झाल्यासारखे. “मग तुमच्याकडेच देतो,” म्हणून त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही काढलं. मेणाचा आणि मधाचा वास आला. कागद थोडा सरकला तसा मला पुस्तकाच्या पाठीवरचा, माझ्याच अक्षरातला क्रमांक दिसला.

मी मान वर केली. अंगणात उभं राहून बोलणी खाणाऱ्या पोराचा चेहरा मी त्या दाढीत शोधत राहिलो.

“बाहेर कुणी वाट बघतंय का तुमची?” काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

“नाही. संध्याकाळची एसटी आहे. एवढं देऊन निघतो.”

“गावात कुणाकडे...”

“नाही,” ते पटकन म्हणाले. “एवढंच काम होतं.”

पुस्तक काउंटरवर होतं. मी हात पुढे केला असता, ‘घे’ म्हटलं असतं, की झालं. ते जिना उतरून गेले असते. आयुष्यात मी पटकन असं काही केलेलं नाही. पण माझ्या तोंडून निघालं, “कॉम्प्युटर शनिवारी पुस्तक घेत नाही.”

“असं कोण म्हणतं?” रसूलभाई झाडू टेकवून म्हणाले. “आत्ताच तर त्या—”

“रसूलभाई, खाली जा. कुणीतरी हाक मारतंय.”

रसूलभाई माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांना कधी असं काही सांगितलं नव्हतं. ते गेले.

“मग ठेवून जातो,” गृहस्थ म्हणाले.

“ठेवून घेता येत नाही. वाचकाने स्वतः द्यावं लागतं, नोंद होताना उभं राहावं लागतं. सोमवारी या. चार वाजता.”

“सोमवारी? अहो, मी लांबून—”

“नियम आहे.” मी पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं.

ते पुस्तकाकडे बघत राहिले. “फार उशीर झालाय खरं तर,” म्हणाले. “दंडही बराच असेल.”

“ते सोमवारी कॉम्प्युटरच सांगेल.”

ते गेले आणि मी खुर्चीत बसलो तो उठेना. काय केलं मी हे? बाईंचं घर ग्रंथालयापासून हाकेच्या अंतरावर. हात धरून का नाही नेलं? पुस्तक तरी का ठेवून घेतलं नाही? इतक्या वर्षांनी एवढी हिंमत गोळा करून जिना चढलेल्या माणसाला मी नियम सांगून परत पाठवलं. तो आता स्टँडवर जाईल, एसटीत बसेल. रविवारी मी दोनदा स्टँडवर जाऊन आलो. धर्मशाळेच्या दारातून चक्कर मारली, आत जायला धजलो नाही. बाईंच्या घरावरूनही गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. “काय होनराव, आज इकडे?” म्हणाल्या. “सहज,” म्हणालो आणि पुढे गेलो. सांगितलं आणि तो आला नाही तर? मग हे दुसऱ्यांदा होईल, आणि या वेळी माझ्यामुळे.

सोमवारी चारला बाई जिना चढून आल्या. टेकत टेकत खुर्चीवर बसल्या, पदर पुढे घेतला. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. मी दाराकडे बघत होतो.

“कुणाची वाट बघताय?”

“नाही बाई.”

त्या एकेक अक्षर शोधत ‘वाढव’ टायपत होत्या. मग क्रमांक. शेवटचा आकडा घालून त्यांनी बोट वर उचललं आणि जिन्यात पावलं वाजली.

ते काउंटरशी आले. खुर्चीतल्या बाईंना पाहून जागच्या जागी खिळले. मागे वळतील असं मला वाटलं. वळले नाहीत. वर्तमानपत्र सोडवून पुस्तक काउंटरवर ठेवलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या पुस्तकाकडे बघत होत्या, त्याच्या पाठीवरच्या क्रमांकाकडे. मग पडद्यावरच्या क्रमांकाकडे. मग पुन्हा पुस्तकाकडे.

त्यांचं बोट अजून हवेतच होतं. ते त्यांनी सावकाश खोडायच्या कळेवर नेलं. ओळ एकेक अक्षराने पुसली. तिच्या जागी ‘घे’ टायपलं आणि तोच क्रमांक पुन्हा घातला.

“फार उशीर झाला,” ते म्हणाले.

बाईंनी कळ दाबली. मग पडदा दोन्ही हातांनी धरून त्यांच्याकडे वळवला.

झालं. मुदतीत.

“इथे तसं काही दिसत नाही,” बाई म्हणाल्या. आवाज काउंटरवरचाच होता, फक्त मधे एकदा तुटला. “कार्ड कुठंय तुझं?”

“इथेच होतं. खणात.”

“मग बघायला पाहिजे.”

मी उठलो. “मी जरा आत... मागच्या कपाटात एक...” असं काही तरी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. पुस्तकांच्या कपाटांमधल्या बोळात शिरून अगदी टोकाशी, जिथे उजेड पोचत नाही तिथे जाऊन उभा राहिलो. हातात कुठलं तरी पुस्तक घेतलं, ते उघडलं नाही.

बराच वेळ बाहेर काहीच ऐकू आलं नाही. मग तो खण किंचाळला. कपाट धरायला मी तिथे नव्हतो.